डावं-उजवं

उझित्सेत, नदी जिथे वळते तिथे वुकाशिनचं दुकान.
दारात मासेमारीचे गळ, आत लोकरी मोजे, कुत्र्यांचे पट्टे,
आणि मागच्या काचेत पिस्तुलं. हवेची.

मी म्हटलं, अठरा हजार दिनार आहेत,
वर एक पै नाही.
तो म्हणाला, कशाला हवंय?
म्हटलं, कागदाला भोक पाडायला.
मला काही मारायचं नाही, कावळासुद्धा.
गुरुवारी शाळेच्या तळघरात एक तास
दहा मीटरवर एक काळा ठिपका असतो
आणि तो मला हाक मारत नाही, दोब्रिला, मीठ कमी पडलं म्हणून.
एवढंच.

त्याने आधी काळं काढलं, सिनेमातल्यासारखं.
गॅसच्या नळकांडीवर चालणारं.
पन्नासेक गोळ्या झाल्या की नळकांडी रिकामी,
आणि थंडीत दाब उतरतो, गोळी खाली जाते.
घेताना स्वस्त, पोसताना महाग.
माझ्या दिराच्या मोटारीसारखं.

मग स्प्रिंगवालं. जड.
घोडा ओढला की आत काहीतरी उसळतं
आणि गोळी नळीबाहेर पडायच्या आत हात हललेला असतो.
तिसरं त्याने पेटीतून काढलंच नाही,
नुसती किंमत सांगितली, आणि आम्ही दोघं हसलो.

डोळे मीट, म्हणाला. हात उचल. आता उघड.
माशी खाचेत बसलेली दिसली तर ते तुझं.
मी मिटले. उचलला. उघडले.
माशी उजवीकडे, थरथरत,
गिरणीच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं कढया उचललेला हात,
पहाटे तीनला बधिर होऊन मला उठवणारा.
मी पिस्तूल ठेवलं.
तीनदा झालं असं. तीन वेगवेगळ्या पिस्तुलांनी.

दोन्ही तळव्यांची खिडकी करून
त्याने मला छताचा दिवा बघायला लावला.
उजवा डोळा मिट. दिवा आहे.
डावा मिट. दिवा गेला.
त्याने डोकं खाजवलं आणि खालचा खण ओढला.

फडक्यात गुंडाळलेलं. जुनं.
दांडा एकदा उघडायचा, एकदा मिटायचा,
तेवढीच हवा, दरवेळी तेवढीच.
ना नळकांडी ना स्प्रिंग.
सोळा हजार.
एवढं स्वस्त का?
डावखुऱ्यांचं आहे, म्हणाला. दोन हिवाळे पडून आहे.
मिलुंका बाईंचं, भूमिती शिकवायच्या.

मुठीचं लाकूड त्यांच्या तळहातानुसार कानशीने घासलेलं,
अनामिकेपाशी लांबीचा उंचवटा,
तिथे बोट बसलं नाही, पण जवळ गेलं.
डाव्या हाताला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.
तो कांदा धरायचा, उजवा चिरायचा.
डोळे मिटले. उघडले.
माशी खाचेत. थोडी खाली.
हलत होती, पण घाबरलेली नव्हती.

उरलेल्या दोन हजारांत सपाट तोंडाच्या गोळ्या,
भोक गोल पडावं म्हणून,
आणि एक कानस. ती त्याने फुकट दिली, म्हणजे
किमतीत धरली असणार.

गुरुवारी बॉयलरचे नळ ठोकत होते.
पहिली गोळी पांढऱ्यात.
दुसरी पांढऱ्यात.
तिसरी शेजारच्या प्रेद्रागच्या कागदावर, नऊवर,
त्याने आनंदाने मोजून घेतली.
चौथी कुठे गेली कळलंच नाही.
दहावीला काळ्याच्या कडेवर एक भोक,
कंडक्टरने तिकीट टोचावं तसं.
मी कागद घडी न घालता घरी आणला.
नवऱ्याने विचारलं, केवढ्याला पडलं?
म्हटलं, डाव्या हाताचा खेळ आहे.
त्याला वाटलं मी टाळतेय. टाळतच होते.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये
सुरी आपसूक डाव्या हातात आली.
कांदा जाड चिरला गेला.
दोनशे माणसं जेवली,
कुणी काही बोललं नाही.